नेफा (परकराचा)

परकर, पायजमा, सलवार अशा कमरेवर बांधायच्या वस्त्राची वरची दुमडलेली, आतून पोकळ ठेवलेली पट्टी म्हणजे नेफा. तिच्यातून नाडी ओवतात आणि नाडी आवळून वस्त्र कमरेवर बसवतात. साडीखालच्या परकराच्या नेफ्यावर भार अधिक असतो, कारण साडीच्या निऱ्या आणि कमरेचा वेढा त्यातच खोचलेला असतो. नेसण दिवसभर टिकणे आणि कमरेची त्वचा शाबूत राहणे, दोन्ही या पट्टीच्या घडणीवर अवलंबून असते.

पूर्वपीठिका : नऊवारी लुगडे कासोटा घालून नेसताना परकराची गरज नसते, लुगड्याचीच गाठ कमरेवर मारतात. विसाव्या शतकात पाचवारी गोल साडी रुळत गेली, तसा परकरही घरोघर आला. बीडसह मराठवाड्याच्या खेड्यांत वयस्क बायकांचे लुगडे आणि तरुण बायकांची पाचवारी या दोन्ही नेसणी शेजारी शेजारी दिसतात.

रचना : नेफा दोन प्रकारे करतात. सरळ घेराच्या परकरात वरची कड आधी बारीक दुमडून मग सुमारे ३ ते ४ सेंमी. रुंद दुमडतात आणि खालून टीप मारतात. कळ्यांच्या परकरात कळ्या वर अरुंद आणि खाली रुंद असतात, त्यामुळे वेगळी पट्टी कापून दुहेरी जोडतात. ही पट्टी कापडाच्या उभ्या धाग्यात काढणे महत्त्वाचे असते, कारण आडव्या किंवा तिरप्या धाग्यातली पट्टी ओढ बसल्यावर सैलावते. सुती कापड आधी भिजवून वाळवले नाही, तर पहिल्या धुण्यातच नेफा आटतो आणि आतली नाडी सरकेनाशी होते.

कमरेच्या एका बाजूला १५ ते २० सेंमी. चीर ठेवतात. तिच्या तळाशी ओढ एकवटते, म्हणून तिथे उलटसुलट टीप घालून ती पक्की करतात. नाडी कमरेच्या घेरापेक्षा अर्धा ते पाऊण मीटर लांब घेतात आणि सेफ्टी पिनेने ओवतात. चिरेच्या समोरच्या बाजूला नेफ्यावर एक आडवी टीप मारून नाडी मधोमध अडकवली, तर धुताना ती निसटत नाही.

घाट आणि सजावट : चार, सहा किंवा आठ कळ्यांच्या परकरात एका कळीची तिरपी बाजू दुसरीच्या सरळ बाजूला जोडतात, त्यामुळे खालचा घेर लोंबत नाही. चुण्या पाठीमागे घेऊन पुढचा भाग सपाट ठेवला, की निऱ्या पोटावर फुगत नाहीत. परकराची शोभा खालच्या झालरीत किंवा लेसमध्ये असते. नेफा मात्र साधा आणि सपाट ठेवतात, कारण त्यावरची प्रत्येक जाड शिवण साडीतून उमटते आणि कातडीला टोचते. परकराचा रंग साडीशी जुळवतात, तेव्हा नेफाही त्याच कापडाचा घेतात.

भार आणि दाब : कमरेवर पडणारा दाब नाडीच्या ताणाबरोबर वाढतो आणि तिच्या रुंदीबरोबर घटतो. ताण तेवढाच ठेवून ५ मिमी. जाडीच्या गोल दोरीऐवजी २५ मिमी. रुंदीची चपटी नाडी वापरली, तर दाब सुमारे एक पंचमांश उरतो. म्हणून गोफासारखी गोल नाडी आकर्षक दिसली, तरी रोजच्या वापराला चपटी सुती नाडीच योग्य ठरते.

होजिअरीतील समांतर रचना : ताण दुमडलेल्या रुंद पट्टीवर घेण्याचे हे तत्त्व स्त्रियांच्या लांब पायमोज्यांच्या वरच्या कडेतही आहे. पायाचा भाग विरळ विणतात, पण वरचा पट्टा जाड धाग्याने विणून दुहेरी दुमडतात, म्हणजे मोजा वर धरून ठेवणारी कमरपट्ट्याची चिमटी तिथे लावली तरी वीण उसवत नाही. १९५८च्या सुमारास ड्यू पाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी ताणला जाणारा धागा तयार केला. पुढे लायक्रा या नावाने तो विणलेल्या कपड्यांच्या कडांत आला. काही मोज्यांच्या कडेला आतून सिलिकोनचे पट्टे लावतात. मग चिमटीची गरज उरत नाही. साडीखाली घालायचा 'शेपवेअर' परकर अशाच विणलेल्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाचा असतो. त्याचा रुंद इलास्टिक नेफा ताण विभागतो. मात्र माप लहान घेतले, तर संपूर्ण पट्टाच काचतो.

कष्टकरी वापर : बीड जिल्ह्यातून दरवर्षी पावसाळ्यानंतर मोठ्या संख्येने जोडपी, ज्यांना कारखान्याच्या भाषेत 'कोयता' म्हणतात, पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. बायका साडीवर पुरुषी शर्ट घालतात, म्हणजे उसाच्या पाचटाने अंग कापत नाही. वाकून तोडणे, मोळी डोक्यावर घेणे आणि गाडी भरणे या कामांत साडी सुटू नये, म्हणून नाडी घट्ट आवळली जाते. घाम, धूळ आणि दिवसभराची घसट एकाच रेषेवर पडते. शिवाय पालावर आंघोळीला आणि कपडे बदलायला आडोसा कमी असल्याने तीच नाडी तासन्‌तास कमरेवर राहते.

त्वचेचे विकार : रोज त्याच जागी नाडी आवळल्याने कमरेवर काळसर वळ उमटतो, खाज सुटते आणि कातडी जाड होते. क्वचित जुना व्रण भरत नाही आणि त्यात कर्करोग होतो. मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये धोतराच्या घसटीशी जोडलेल्या कर्करोगाचे वर्णन केले होते. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी असे दोन रुग्ण नोंदवले. त्यांपैकी एक स्त्री परकर घट्ट बांधत होती, तर दुसरी परकराविना लुगडे आवळून नेसत होती. यावरून दोष परकराचा नव्हे, एका रेषेवर वर्षानुवर्षे पडणाऱ्या दाबाचा आहे, हे स्पष्ट होते.

काळजी : नेफा रुंद आणि नाडी चपटी असावी. गाठ रोज थोडी डावी-उजवीकडे सरकवावी, घामाने ओला परकर बदलावा आणि घरी आल्यावर नाडी सैल करावी. वळावर खपली, चीर किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसल्यास त्या जागी नाडी बांधणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.