मातीचा माठ आणि शिशाचा रंग

भारतात आज विकल्या जाणाऱ्या घरगुती रंगाच्या डब्यावर, शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा अधिक नाही, अशा अर्थाची एक ओळ छापणे बंधनकारक आहे. पीपीएम म्हणजे दर दहा लाख भागांत किती भाग. अर्थात एक किलो रंगात शिसे जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅम. ही ओळ डब्यावर येण्यास जवळजवळ पाव शतक लागले. सुरक्षित व पर्यावरणस्नेही उत्पादन उद्योगाच्या स्वेच्छेवर सोडावे की कायद्याने घडवावे, या प्रश्नाचा इतिहास तिच्यात सामावला आहे. त्यातील महत्त्वाचा अध्याय बेंगळुरूत लिहिला गेला.

रंगात शिसे चुकून येत नाही, ते मुद्दाम घातले जाते. लेड क्रोमेटमुळे पिवळा आणि नारिंगी रंग तेजस्वी व टिकाऊ होतो, तर शिशाच्या काही संयुगांमुळे तैलरंग लवकर वाळतो. कालांतराने हा रंग उन्हापावसाने भुगा होऊन गळतो, धुळीत मिसळतो आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जातो. पोटात गेलेल्या शिशापैकी मुलांचे शरीर प्रौढांच्या चार ते पाचपट शिसे शोषून घेऊ शकते. रासायनिकदृष्ट्या शिसे कॅल्शियमची जागा घेते; त्यामुळे ते हाडांत साठते आणि वाढत्या मेंदूच्या पेशींमधील संदेशवहनात अडथळा आणते. झालेली बौद्धिक हानी बहुधा भरून येत नाही. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

हे ज्ञान नवे नव्हते. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे नेत्रवैद्य जॉन लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्येच मुलांच्या विषबाधेचा माग घराच्या रंगवलेल्या कठड्यांपर्यंत लावला होता. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने रंगकामातील पांढऱ्या शिशाच्या वापरावर मर्यादा घालणारा करार संमत केला, आणि १९२२ मध्ये क्वीन्सलँडने मुलांच्या हाताशी येणाऱ्या पृष्ठभागांवर असा रंग लावण्यास बंदी केली. अमेरिकेत मात्र घरगुती रंगावरील राष्ट्रीय बंदीस १९७८ साल उजाडले.

भारताने आरंभी ऐच्छिक मार्ग पत्करला. १९९१ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ‘इकोमार्क’ योजना जाहीर केली. तिचे बोधचिन्ह होते मातीचा माठ: मातीतून घडणारा आणि मातीतच मिसळणारा. साबण, कागद, रंग अशा वस्तूंसाठी पर्यावरणीय निकष ठरले आणि ते पाळणाऱ्या उत्पादकास भारतीय मानक ब्युरोकडून हे चिन्ह मिळवण्याची मुभा मिळाली. कल्पना सुंदर होती, परंतु अर्ज करणारे उत्पादक अत्यल्प निघाले. चिन्ह न घेतल्याने कोणाचे काही बिघडत नव्हते, आणि ग्राहक ते चिन्ह ओळखतही नव्हता.

नेमक्या याच दशकात बेंगळुरूत एक वेगळे काम सुरू झाले. तेथील जॉर्ज फाउंडेशनने बेंगळुरूसह देशातील मोठ्या शहरांत वीस हजारांहून अधिक व्यक्तींच्या रक्तातील शिसे मोजले. बारा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांत ही पातळी दर डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमहून अधिक, म्हणजे त्या काळी धोक्याची मानल्या जाणाऱ्या मर्यादेपलीकडे आढळली. फेब्रुवारी १९९९ मध्ये शिशाच्या विषबाधेवर बेंगळुरूत आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पुढे सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. थुप्पिल वेंकटेश यांच्या नेतृत्वाखाली शिसे-विषबाधेचे राष्ट्रीय संदर्भ केंद्र उभे राहिले. तोवर अनुमान असलेली गोष्ट आता आकड्यांत दिसू लागली होती.

शिशाचा सर्वांत मोठा स्रोत पेट्रोल होता, आणि तेथे आज्ञा चालली. तेलशुद्धीकरण कारखाने मोजके होते. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले. रंगाचे तसे नव्हते. मोठ्या कंपन्यांखेरीज गल्लीबोळांतील असंख्य लहान कारखाने रंग बनवत होते. भारतीय मानकात शिशाची मर्यादा होती, पण ती १००० पीपीएमची आणि तीही ऐच्छिक.

ऐच्छिकतेची ही मर्यादा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने उघड केली. सिनसिनाटी विद्यापीठाचे स्कॉट क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आशियातील बाजारांतले नवे रंग तपासले. जेथे नियंत्रण नव्हते त्या देशांतील तीन चतुर्थांशांहून अधिक नमुने अमेरिकेच्या तत्कालीन ६०० पीपीएम मर्यादेबाहेर होते. कायदा असलेल्या सिंगापुरात हे प्रमाण सुमारे एक दशांश होते. त्याहून बोलकी गोष्ट अशी, की काही नाममुद्रांचा रंग एका देशात शिसेयुक्त, तर दुसऱ्या देशात निर्धोक आढळला. तंत्रज्ञान उपलब्ध होते, पर्यायी रंगद्रव्ये होती. उणीव होती ती सक्तीची.

त्यानंतर स्वयंसेवी संस्थांनी पुनःपुन्हा नमुने तपासून निष्कर्ष जाहीर केले. काही मोठ्या उत्पादकांनी स्वतःहून शिसे काढून टाकले, मानकातील मर्यादाही पुढे कठोर झाली. अखेर नोव्हेंबर २०१६ मध्ये केंद्राने घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाविषयीचे नियम अधिसूचित केले आणि वर्षभराने ९० पीपीएमची मर्यादा बंधनकारक झाली.

मग ऐच्छिक मार्ग निष्फळ ठरला काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. मर्यादा कशी मोजावी आणि शिशाविना रंग कसा करावा, याचे उत्तर कायद्यापूर्वीच तयार होते. आघाडीच्या उत्पादकांनी ते करून दाखवल्यामुळे ‘हे अशक्य आहे’ हा आक्षेप उरला नाही. मार्गदर्शक सूचना वाट दाखवतात. कायदा मागे राहिलेल्यांना त्या वाटेवर आणतो. कायद्यालाही कुंपण असते. २०१६ चे नियम घरगुती व सजावटीच्या रंगांपुरते आहेत, औद्योगिक रंग त्यांच्या बाहेर राहिले. गणेशमूर्तींच्या बाबतीत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचना नैसर्गिक रंगांचा आग्रह धरतात. पण त्या कितपत पाळल्या जातात, हे अखेर मूर्तिकाराच्या रंगपेटीवर आणि घेणाऱ्याच्या मागणीवरच ठरते.

सप्टेंबर २०२४ मध्ये इकोमार्कचे नवे नियम आले आणि मातीच्या माठाला दुसरे आयुष्य लाभले. १९९१ चा अनुभव सांगतो, की चिन्हाला किंमत येते ती तपासणीमुळे आणि चिन्ह पाहून वस्तू निवडणाऱ्या ग्राहकामुळे. बेंगळुरूतील रक्ततपासण्यांनी हेच दाखवून दिले होते. जे मोजले गेले, त्याकडे देशाला दुर्लक्ष करता आले नाही. मात्र मोजणी आणि नियम यांच्या मधल्या सतरा वर्षांत जी मुले रांगू लागली, त्यांच्या वाट्याला कोणतेही चिन्ह आले नाही.