शेजाऱ्याची किल्ली

अलिबागेस आमच्या शेजारी एक बेने इस्राएल कुटुंब राहत असे. कोकणात या लोकांना पूर्वी ‘शनिवार तेली’ म्हणत. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी तो बंद ठेवायचा, यावरून पडलेले हे नाव. त्यांचा ‘नव्याचा सण’ आमच्या नवरात्राच्या सुमारास येई. दिवाळीत आमच्या घरचे फराळाचे ताट त्यांच्याकडे जाई आणि ते कधी रिकामे परत येत नसे. मी शाळेत असतानाच ते सारे इस्रायलला निघून गेले. जाताना घराची किल्ली त्यांनी माझ्या आईच्या हाती ठेवली. पुढे ते घर विकले जाईपर्यंत आई दर दिवाळीला एक पणती त्यांच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवी. “घर बंद असलं म्हणून काय अंधारात ठेवायचं?” असे ती म्हणे.

ही किल्ली मला फार वर्षांनी आठवली, ती डेन्मार्कचा इतिहास वाचताना.

दुसऱ्या महायुद्धात युरोपातील साठ लाख ज्यू मारले गेले. त्यांत सुमारे पंधरा लाख मुले होती. एवढ्या काळोखात डेन्मार्कमध्ये मात्र बहुतेक सारी ज्यू मुले वाचली, आणि पुष्कळशी आपल्या आईबापांसह वाचली. हे कसे घडले?

९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजांनी डेन्मार्क व्यापला. पण तिथले सरकार त्यांनी काही काळ चालू दिले आणि त्या सरकारने ज्यूंविरुद्ध कायदे करू दिले नाहीत. राजा स्वतः पिवळा तारा लावून फिरला अशी एक गोष्ट आपण ऐकतो. गोष्ट गोड आहे, पण खरी नाही. डेन्मार्कच्या ज्यूंवर तारा लावण्याची पाळीच आली नाही. २९ ऑगस्ट १९४३ रोजी मात्र सरकारने जर्मनांच्या मागण्या नाकारून कारभार सोडला आणि लष्करी अंमल सुरू झाला. आता ज्यूंच्या धरपकडीचा बेत शिजू लागला.

तो बेत फोडला एका जर्मनानेच. गेओर्ग फर्डिनांड डुकवित्स हा जर्मन वकिलातीतला जहाजवाहतुकीचा अधिकारी. २८ सप्टेंबर रोजी त्याने ही बातमी डॅनिश पुढाऱ्यांच्या कानांवर घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपनहेगनच्या प्रार्थनामंदिरात मार्कुस मेल्खिओर या धर्मगुरूंनी जमलेल्यांना सांगितले, की आज प्रार्थना होणार नाही. घरी जा, सर्वांना कळवा आणि लपा. त्याच संध्याकाळी ज्यूंचे नवे वर्ष सुरू होत होते. इकडे आपल्याकडे घटस्थापनेची तयारी चालली असेल, त्याच वेळी तिकडे आया मुलांना एकावर एक कपडे चढवीत होत्या.

१ ऑक्टोबरच्या रात्री धाड पडली तेव्हा बहुतेक घरे रिकामी होती. सुमारे साडेसात-आठ हजार ज्यूंपैकी त्या रात्री तीनशेहूनही कमी हाती लागले. बाकीचे शेजाऱ्यांच्या माळ्यांवर, शेतांवरच्या घरांत, उन्हाळी बंगल्यांत दडले होते. कोपनहेगनचे बिस्पेब्येर्ग रुग्णालय तर लपण्याचे मोठे ठिकाणच झाले. परिचारिकांच्या खोल्यांतूनही माणसे लपवली गेली.

पलीकडे स्वीडन होते. त्याने आश्रय देऊ असे उघड जाहीर केले. मधली सामुद्रधुनी हेलसिंगोरपाशी चार-पाच किलोमीटरच रुंद. पण तीत जर्मन गस्ती बोटी फिरत. कोळ्यांच्या होड्यांत, मासे ठेवण्याच्या जागेत माणसे दाटीवाटीने बसत. लहान मूल रडले तर साऱ्यांचाच घात, म्हणून डॉक्टर तान्ह्यांना गुंगीचे औषध टोचीत. झोपलेले बाळ पलीकडे जागे होईल ना, या धाकात त्या आयांनी तो प्रवास कसा काढला असेल!

येथेही सारे उजळच होते असे नाही. काही कोळ्यांनी भाड्याचे भरमसाट पैसे घेतले. काही जण बुडाले. गिलेलाय या गावी चर्चच्या माळ्यावर लपलेले सुमारे ऐंशी जण पकडले गेले. वाटेतल्या धोक्याच्या भीतीने शंभराहून अधिक मुलांना त्यांच्या आईबापांनी डॅनिश कुटुंबांत मागे ठेवले. ती जगली, पण लढाई संपल्यावर परत आलेली खरी आई त्यांतल्या काहींना परकी वाटली. आणि घरातून उत्तर आले नाही तर दार फोडू नये असा धाड घालणाऱ्या शिपायांना हुकूम होता, हेही सांगितले पाहिजे. पण दार न उघडता पाठीमागून निसटणाऱ्याला पुढे कुणाचे तरी दार उघडे लागतेच.

काही आठवड्यांत सुमारे सात हजार दोनशे ज्यू आणि त्यांचे सातशेच्या आसपास ज्यूेतर आप्त स्वीडनला पोहोचले. पकडलेल्या सुमारे चारशे सत्तर जणांना टेरेझिनच्या छावणीत धाडले. डॅनिश सरकारी अधिकारी त्यांची सतत चौकशी करीत राहिले, खाद्यपदार्थांची पार्सले जात राहिली. पन्नासएक जण तिथे दगावले. उरलेल्यांना एप्रिल १९४५ मध्ये बसगाड्यांतून सोडवून आणण्यात आले.

लढाई संपल्यावर ही कुटुंबे परतली. काहींची घरे लुटली गेली होती, काहींत दुसरेच बिऱ्हाड होते. पण पुष्कळांना घर झाडलेले सापडले, कुंड्यांतल्या झाडांना कुणी पाणी घातलेले होते. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून बसलो.

माझ्या आईने कुणाचा जीव वाचवला नव्हता. आमच्या शेजाऱ्यांमागे कुणी लागलेही नव्हते. ते आपखुशीने गेले. तसा प्रसंग आला असता तर आमच्या आळीतली किती दारे उघडली असती, आमचे उघडले असते का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. एवढेच वाटते, की वेळ आल्यावर दार उघडणारा माणूस त्या रात्री एकाएकी निपजत नसावा. आधीची वर्षानुवर्षे तो शेजाऱ्याच्या घरी ताट पोहोचवीत आलेला असतो.

यंदाही आमच्या उंबऱ्यावर एक पणती जास्त असेल.