करनिर्वासित तारे आणि त्यांचे चाहते

१/ मार्च १९७१. ‘द रोलिंग स्टोन्स’ या बँडने ब्रिटनमध्ये निरोपाचा दौरा केला आणि काही दिवसांतच ही मंडळी फ्रान्सला राहायला गेली. सरकारने त्यांना हद्दपार केले नव्हते. देश सोडण्यामागचे मुख्य कारण होते प्राप्तिकर. तारे गेले, चाहते मागे राहिले. या दोघांमधील न मिटलेल्या हिशेबाचा हा धागा.

२/ अशा लोकांना इंग्रजीत ‘टॅक्स एक्झाइल’ म्हणतात. मराठीत ‘करनिर्वासित’ म्हणता येईल. कर चुकवणे हा गुन्हा, तर कायद्याच्या चौकटीत राहून कर टाळणे हा गुन्हा नव्हे. येथील कथा दुसऱ्या प्रकारच्या आहेत. म्हणूनच त्यांचा निवाडा न्यायालयात झाला नाही. तो तिकीट काढणाऱ्यांच्या मनात होत राहिला.

३/ आधी दर पाहू. १९६० च्या दशकाच्या मध्यास ब्रिटनमध्ये सर्वोच्च टप्प्यावरील कर ९० टक्क्यांहून अधिक होता. १९७४ मध्ये अर्थमंत्री डेनिस हीली यांनी कष्टाच्या कमाईवरील कमाल दर ८३ टक्के केला. व्याज-लाभांशावर १५ टक्के अधिभार वेगळा, म्हणजे एकूण ९८. याच सुमारास, १९७३-७४ मध्ये, भारतातील कमाल दरही अधिभारासह ९७.७५ टक्के होता.

४/ हे दर संपूर्ण उत्पन्नावर नव्हते. ठरावीक मर्यादेपलीकडील रकमेवर होते. तरीही कलावंतांच्या तक्रारीत तथ्य होते. वकील किंवा डॉक्टर तीस-चाळीस वर्षे कमावतो. पॉप गायकाची चलती दोन-तीन वर्षांची, आणि तेवढ्यात आलेल्या पैशावर कर मात्र जन्मभराच्या श्रीमंतासारखा.

५/ १९६६ मध्ये ही तक्रार थेट गाण्यांत उतरली. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमचा आरंभच जॉर्ज हॅरिसनच्या ‘टॅक्समन’ने होतो. त्याच वर्षी ‘द किंक्स’च्या ‘सनी आफ्टरनून’मधील श्रीमंतही करवसुलीने बेजार झालेला दिसतो. ज्या कामगार मुलांना त्या दराची झळ कधीच लागणार नव्हती, तीही ही गाणी गुणगुणत होती.

६/ त्यात विसंगती होती, पण ढोंग नव्हते. हॅरिसनचे वडील लिव्हरपूलमध्ये बस चालवत. आपल्याच गल्लीतला मुलगा मोठा झाला आणि सरकारने त्याच्या खिशात हात घातला, असे चाहत्याला वाटणे स्वाभाविक होते. इंग्लंडमध्ये पैसा आजवर जमीनदारांच्या घरी जन्मत असे. तो प्रथमच गिटारमधून येत होता.

७/ मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी होती. ही पिढी युद्धोत्तर कल्याणकारी राज्यात वाढली. जॉन लेनन लिव्हरपूलच्या कलाशाळेत, कीथ रिचर्ड्स सिडकपच्या कलाशाळेत, तर मिक जॅगर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकला. या संस्थांना सरकारी पैशाचा आधार होता. ज्या करातून त्यांना उसंत मिळाली, तोच कर पुढे त्यांना जाचू लागला.

८/ हॅरिसनची कथा तर दैवदुर्विलासाची. १ ऑगस्ट १९७१ रोजी त्याने पंडित रविशंकर यांच्यासह न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशातील निर्वासितांसाठी मदतकार्यक्रम केला. करसवलतीची कागदपत्रे आधी न केल्यामुळे अमेरिकेत अल्बमचे लक्षावधी डॉलर अनेक वर्षे अडकून पडले, आणि ब्रिटिश सरकारनेही त्यावरील खरेदीकर माफ केला नाही. दान करायला निघालेल्यालाही करखाते आडवे आले.

९/ आता पुन्हा फ्रान्स. जुना कर थकलेला, आधीचा मॅनेजर ॲलन क्लाइन याच्याशी पैशावरून वाद. अशा वेळी बँकर प्रिन्स रूपर्ट लोवेनस्टाइन यांनी स्टोन्सना देश सोडण्याचा सल्ला दिला. रिचर्ड्सने भूमध्य समुद्राकाठी ‘नेलकोट’ हा बंगला भाड्याने घेतला. त्याच्या तळघरात ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यांचा मोठा वाटा १९७२ च्या ज्या अल्बममध्ये आहे, त्याच्या नावातच ‘एक्झाइल’ हा शब्द आहे.

१०/ पुढे बँडचे आर्थिक व्यवहार नेदरलँड्समधील कंपन्यांमार्फत होऊ लागले. तेथे रॉयल्टीवर कराचा भार नगण्य होता. २००६ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांनी डच कागदपत्रांच्या आधारे छापले की, वीस वर्षांत त्या मार्गाने आलेल्या सुमारे २४ कोटी पौंडांवर जॅगर, रिचर्ड्स आणि चार्ली वॉट्स यांनी जेमतेम १.६ टक्के कर भरला.

११/ स्टोन्स एकटे नव्हते. रॉड स्टुअर्ट अमेरिकेत गेला, डेव्हिड बोवी १९७६ मध्ये स्वित्झर्लंडला. लेड झेपेलिनही परदेशी राहिले. गुंतवणुकीत फटका बसलेल्या पिंक फ्लॉइडने ‘द वॉल’चे बरेचसे काम फ्रान्समध्ये केले. एका पिढीचे इंग्रजी संगीत इंग्लंडबाहेर घडले, आणि त्याला करविषयक सल्लागारांचाही हातभार लागला.

१२/ मागे राहिलेल्यांची स्थिती काय होती? १९७६ मध्ये बेकारांचा आकडा दहा लाखांपलीकडे गेलेला, आणि सरकार आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभे. याच काळात पंक संगीत उसळले. त्याचा राग केवळ राजसत्तेवर नव्हता. दूर किनाऱ्यावरील बंगल्यांत राहणाऱ्या जुन्या ताऱ्यांवरही होता.

१३/ १९७९ मध्ये थॅचर सरकारने कमाल दर ६० टक्क्यांवर आणला. १९८८ मध्ये तो ४० झाला. ९८ टक्क्यांचे गाऱ्हाणे संपले. तरीही पैसा परदेशी ठेवण्याची रीत संपली नाही, आणि चाहत्यांच्या सहानुभूतीचा आधार मात्र खचला.

१४/ याची प्रचिती १९९८ मध्ये आली. वर्षाचा बहुतांश काळ परदेशात काम करणाऱ्यांना मिळणारी करसवलत अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी रद्द केली. त्या उन्हाळ्यात मायदेशी गायल्यास सुमारे १.२ कोटी पौंडांचा भार पडेल, असे सांगून स्टोन्सनी चार कार्यक्रम पुढच्या वर्षावर ढकलले.

१५/ झळ केवळ आपल्याला नाही, सोबतच्या तंत्रज्ञांनाही बसेल, असे जॅगरचे म्हणणे होते. पण तिकीटधारकाचा हिशेब साधा होता. त्याचा कर पगारातून परस्पर कापला जातो. उरलेल्यातून तो तिकीट घेतो. त्याला देश बदलता येत नाही. तरीही जून १९९९ मध्ये स्टोन्स आले, तेव्हा मैदानांवर गर्दी झालीच.

१६/ आयर्लंडची तऱ्हा वेगळी. १९६९ मध्ये अर्थमंत्री चार्ल्स हॉही यांनी कलावंतांचे सर्जनशील उत्पन्न करमुक्त केले होते. या सवलतीवर वर्षाला अडीच लाख युरोंची मर्यादा घालण्याचे ठरले, आणि २००६ मध्ये ‘यूटू’ने आपल्या गीतहक्कांचा व्यवसाय नेदरलँड्सला हलवला.

१७/ हा घाव खोल होता, कारण बोनो गरीब देशांच्या कर्जमाफीसाठी श्रीमंत सरकारांना पैसे द्यायला सांगत होता. २०१० मध्ये आयर्लंडवरच ८५ अब्ज युरोंचे साहाय्य घेण्याची वेळ आली. जून २०११ मध्ये ग्लास्टनबरी महोत्सवात यूटू गात असताना आंदोलकांनी कर भरण्याविषयी प्रश्न विचारणारा भलामोठा फुगा फुगवला. सुरक्षारक्षकांनी तो खाली खेचला.

१८/ बोनोचा बचाव असा की, करस्पर्धेतूनच आयर्लंड समृद्ध झाला. देशाने जे करावे, ते बँडने का करू नये? तर्क बिनतोड वाटतो, पण चाहत्याचे दुःख कायद्याचे नव्हतेच. स्टोन्सनी नीती शिकवण्याचा दावा कधी केला नव्हता. यूटूने केला होता. म्हणून एकच कृत्य एकाला शोभले, दुसऱ्याला बोचले.

१९/ शेवटचे उदाहरण फ्रान्सचे. लाडका गायक जॉनी हॅलिडे २००६ च्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील ग्श्टाडला राहायला गेला आणि देशभर वादळ उठले. डिसेंबर २०१७ मध्ये तो गेला, तेव्हा पॅरिसच्या रस्त्यांवर लाखोंचा समुदाय लोटला. दफन मात्र दूर कॅरिबियनमधील सेंट बार्थेलेमी बेटावर झाले. समाधीवर फूल वाहणेही सामान्य चाहत्याच्या ऐपतीबाहेर गेले, ही खंत अनेकांनी बोलून दाखवली.

२०/ चाहते करबुडव्यांना माफ करतात, असा याचा अर्थ नाही. चाहत्याने गाण्यात आपले तारुण्य गुंतवलेले असते, आणि ती गुंतवणूक कोणत्याही देशात हलवता येत नाही. गाणे त्याच्याजवळच राहते. गायकाने मात्र दवाखाने, शाळा, रस्ते यांचा वाटा उचलायचा राहून गेलेला असतो, आणि तो शेवटी तिकीट काढणाराच भरतो.