दिनविशेष : १ जानेवारी – शेरखानला आवाज देणारे नाना
आज नाना पाटेकर यांचा जन्मदिवस. मुरूड-जंजिरा येथे १९५१ साली जन्मलेल्या या अभिनेत्याचा चेहरा पडद्यावर सगळ्यांनी पाहिला. पण १९९३च्या सुमारास दूरदर्शनवर त्यांचा नुसता आवाज गाजला.

निप्पॉन ॲनिमेशनची 'द जंगल बुक' ही ५२ भागांची जपानी मालिका हिंदीत आली. शीर्षकगीत गुलजार यांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे आणि शेरखानचा आवाज नानांचा! थांबून थांबून, दातओठ खात बोलणारा तो वाघ मुलांना खराखुरा वाटे. अमरावती-अकोल्याच्या पोरांना तर वाघ परका नव्हताच. १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत त्यांचा मेळघाट होता आणि किपलिंगच्या कथेतले सिवनीचे जंगलही सातपुड्याच्याच पट्ट्यातले.

वऱ्हाडाशी नानांचे नाते पुढे आणखी घट्ट झाले. २०१५ साली मकरंद अनासपुरे यांच्यासह 'नाम फाउंडेशन' स्थापून ते विदर्भ-मराठवाड्यातील आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांच्या मदतीला धावले.

२०१६ साली डिस्नेचा 'द जंगल बुक' हिंदीत आला, तेव्हाही शेरखान नानांच्याच आवाजात बोलला.