वाळूतून वर आलेली मोटार

इतिहासाची साधने म्हटली, की ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि जुनी दप्तरे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. उत्खननातून मिळावयाची ती नाणी आणि खापरे. आज मी जिच्याविषयी बोलणार आहे ती एक मोटारगाडी आहे, आणि तीही उत्खननातूनच वर आलेली. वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पेंडाइन नावाचे गाव आहे. तेथे ओहोटी लागली म्हणजे सुमारे सात मैल लांबीची सपाट, कठीण वाळू उघडी पडते. या वाळूत १९२७ साली ही गाडी पुरण्यात आली आणि १९६९ साली उकरून काढण्यात आली.

गाडीचा जन्म मात्र एका हौशी श्रीमंताच्या घरी झाला. इंग्लंडातील केंट परगण्यात हायम पार्क नावाचा वाडा होता. त्याचा तरुण मालक काउंट लुई झ्बोरोव्स्की याला जुन्या मोटारींच्या सांगाड्यांवर विमानांची प्रचंड यंत्रे बसविण्याचा नाद होता. पहिले महायुद्ध संपल्यावर अशी यंत्रे मिळविणे अवघड नव्हते. त्याच्या ‘चिटी बँग बँग’ या गाड्यांचे नाव पुढे इयान फ्लेमिंगच्या १९६४ सालच्या बालकथेमुळे जगभर पोहोचले. त्याने घडविलेल्या ‘हायम स्पेशल’ या गाडीत बारा सिलिंडरांचे, सत्तावीस लिटरांचे अमेरिकन लिबर्टी यंत्र होते. त्याची शक्ती साडेचारशे अश्वशक्तीच्या आसपास होती. दंतचक्रांची पेटी एका जुन्या बेन्झ शर्यतगाडीची होती आणि मागची चाके सायकलीप्रमाणे साखळ्यांनी फिरत. थोडक्यात, निरनिराळ्या देशांचे अवयव एकत्र आणून केलेला हा घरगुती उद्योग होता. झ्बोरोव्स्कीचे वडील १९०३ साली मोटारींच्या एका स्पर्धेत मरण पावले होते. १९२४ साली इटलीतील मोंझा येथे शर्यतीतच मुलाचाही अंत झाला.

त्याच्या मालमत्तेतून ही गाडी जॉन गॉडफ्री पॅरी-टॉमस या वेल्श अभियंत्याने अवघ्या १२५ पौंडांना विकत घेतली. टॉमस हा लेलंड कंपनीचा प्रमुख अभियंता होता. ती जागा सोडून तो ब्रुकलंड्सच्या शर्यतमार्गाच्या आवारातील एका बंगलीत राहावयास गेला. अविवाहित माणूस, अंगावर अभियंत्याची विद्या आणि डोक्यात वेगाचा ध्यास! त्याने गाडीला नवे अंग चढविले, चार कार्बुरेटर बसविले, स्वतः आखलेले दट्ट्ये घातले आणि तिचे ‘बॅब्ज’ असे लाडके नाव ठेवले. एप्रिल १९२६ मध्ये पेंडाइनच्या वाळूवर तिने ताशी १७१ मैलांचा वेग गाठून भूमीवरील वेगाचा विक्रम केला. फेब्रुवारी १९२७ मध्ये माल्कम कँबेलने त्याच वाळूवर ताशी १७४ मैलांच्या वर वेग नेऊन तो मोडला. टॉमस तो परत मिळविण्यासाठी आला. ३ मार्च १९२७ रोजी भर वेगात गाडी उलटली आणि तो जागच्या जागी ठार झाला. भूमीवरील वेगाच्या विक्रमापायी प्राण गमावणारा तो पहिला चालक. गाडी तेथेच वाळूत खड्डा खणून पुरण्यात आली.

त्यानंतर बेचाळीस वर्षे लोटली. आता ओवेन विन ओवेन पुढे येतात. ते बँगोर येथील तंत्रविद्यालयात अभियांत्रिकीचे अध्यापक होते. गाडी वर काढावी असा त्यांचा आग्रह, पण तो सर्वांना रुचला नाही. गावातील कित्येकांच्या लेखी ती जागा म्हणजे समाधी होती. शिवाय किनाऱ्याचा तो भाग तोवर लष्कराच्या ताब्यात गेला होता. समाधीची भावना खोटी म्हणता येणार नाही. तरी मला स्वतःला असे वाटते, की टॉमस तेथे नव्हता, त्याची दफनभूमी निराळी होती. वाळूत पडून होते ते त्याच्या हातचे काम, आणि कारागिराचे काम सडू देणे हा त्याचा सन्मान म्हणावा कसा?

परवानगी मिळाली आणि गाडी निघाली. खाऱ्या पाण्यात पोलादाला लागून ॲल्युमिनियम असले, म्हणजे ॲल्युमिनियम आधी झिजते आणि पोलादाचे काही काळ रक्षण होते. या गाडीवरचा पत्रा सडून गेला होता, पण पोलादी अवयवांपैकी बरेच वापरता येण्याजोगे राहिले होते. उत्तर वेल्सच्या डोंगरांतील कॅपेल क्यूरिग या खेड्यात ओवेन यांनी काम मांडले. सुमारे पंधरा वर्षे ते चालले. जे वाचले ते स्वच्छ करून वापरावयाचे आणि जे गेले ते नव्याने घडवावयाचे, असा क्रम. अखेरीस लिबर्टी यंत्र पुन्हा गर्जू लागले.

आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा गाभारा जुना आणि शिखर नवे असे अनेकदा घडते. म्हणून देऊळ निराळे झाले, असे कोणी म्हणत नाही. मोटारींच्या जाणकारांत मात्र या प्रश्नावर कडाक्याचे वाद होतात. या गाडीचे मूळ रूप तरी कोणते मानावयाचे? झ्बोरोव्स्कीचे, की टॉमसने बदललेले? टॉमसने स्वतः मूळ रूपाची मुळीच पर्वा केली नव्हती. ओवेन यांनी टॉमसची गाडी उभी केली, आणि मला ते योग्य वाटते, कारण वाळूत गेली होती ती तीच.

या श्रमाचे एक फळ दुर्लक्षिता येणार नाही. साखळी तुटली आणि तिच्या तडाख्याने टॉमसचे डोके उडाले, असे वर्षानुवर्षे सांगितले जाई. उकरून काढलेल्या अवशेषांचे परीक्षण झाल्यावर मागचे उजवे चाक आधी कोसळले असावे, असे मत पुढे आले. तसे असेल तर साखळी तुटणे हे कारण नसून परिणाम ठरतो. एका कुशल अभियंत्याच्या माथी चाळीस वर्षे बसलेला दोष हलका होण्याची शक्यता त्यामुळे निर्माण झाली. कागदपत्रांना जे सांगता आले नाही, ते गंजलेल्या लोखंडाने सुचविले.

२०२३ साली पेंडाइनला वेगविक्रमांच्या संग्रहालयाची नवी इमारत उघडली. जेथे गाडी पुरली होती तो किनारा तेथून जवळच आहे. टॉमसची कबर मात्र दूर, ब्रुकलंड्सजवळच्या बायफ्लीट येथील चर्चच्या आवारात आहे.