एमओटी चाचणी

एमओटी चाचणी ही ग्रेट ब्रिटनमध्ये (इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स) तीन वर्षांहून अधिक जुन्या बहुतेक मोटारी, दुचाक्या आणि हलकी मालवाहू वाहने यांची दरवर्षी करून घ्यावी लागणारी सक्तीची तपासणी होय. वाहन रस्त्यावर चालविण्याइतके सुरक्षित आहे काय आणि त्याचा धूर ठरवून दिलेल्या मर्यादेत आहे काय, एवढेच या चाचणीत पाहिले जाते. ही तपासणी सामान्यतः सरकारी अधिकारी करीत नाहीत. सरकारने अधिकृत केलेली २३ हजारांच्या आसपास केंद्रे ती करतात आणि त्यांतील बहुसंख्य केंद्रे म्हणजे गावोगावची खाजगी गॅरेजे होत. वाहनातील दोष दाखविणारे गॅरेजच बहुधा त्या दोषाची दुरुस्ती करून देण्यासही तयार असते. त्यामुळे चाचणीसाठी जवळचे व भरवशाचे केंद्र निवडणे हा वाहनमालकाच्या दृष्टीने या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाचा भाग ठरतो.

नाव

'एमओटी' ही 'मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट' म्हणजे परिवहन मंत्रालय या नावाची आद्याक्षरे आहेत. चाचणी सुरू झाली तेव्हा ती या मंत्रालयाच्या अखत्यारीत होती. पुढे खात्याचे नाव बदलले, तरी लोकांच्या तोंडी बसलेली तीन अक्षरे तशीच राहिली. मराठी माणूस 'गाडी पासिंगला न्यायची आहे' असे म्हणतो, त्याच सहजतेने ब्रिटनमध्ये 'गाडीची एमओटी करायची आहे' असे म्हटले जाते. चाचणीची सध्याची देखरेख 'चालक व वाहन मानक संस्था' (डीव्हीएसए) हे सरकारी अभिकरण करते. दोन जुन्या अभिकरणांच्या विलीनीकरणातून ते २०१४ मध्ये अस्तित्वात आले.

इतिहास

१९५६ च्या रस्ते वाहतूक कायद्याने अशा तपासणीचा अधिकार सरकारला दिला. प्रत्यक्ष चाचणी १९६० मध्ये, अर्नेस्ट मार्पल्स हे परिवहन मंत्री असताना सुरू झाली. प्रारंभी ती दहा वर्षांहून जुन्या वाहनांपुरती होती आणि तीत फक्त ब्रेक, दिवे व सुकाणू एवढेच तपासले जाई. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कितीतरी मोटारी त्या वेळी रस्त्यावर धावत होत्या. नापास होणाऱ्या वाहनांचे प्रमाण इतके मोठे निघाले की १९६१ संपण्यापूर्वीच वयाची अट सात वर्षांवर आणावी लागली. १९६७ मध्ये ती तीन वर्षांवर आली व आजही तीच आहे.

तपासणीची व्याप्ती मात्र वाढत गेली. १९६८ मध्ये टायर आले. १९७७ मध्ये वायपर, इंडिकेटर, हॉर्न, सायलेन्सर आणि गाडीच्या सांगाड्याची स्थिती यांचा समावेश झाला. १९९१ मध्ये पेट्रोल वाहनांच्या व त्यानंतर काही वर्षांनी डिझेल वाहनांच्या धुराचे मापन सुरू झाले. २००५ च्या सुमारास सर्व केंद्रे एका संगणकीय नोंदवहीला जोडली गेली. हा बदल दिसायला कार्यालयीन असला तरी परिणामाने सर्वांत मोठा म्हणावा लागेल, कारण तेव्हापासून कागदी प्रमाणपत्र ही केवळ पावती उरली आणि खरा पुरावा मध्यवर्ती नोंदीत राहू लागला.

पहिली चाचणी तीनऐवजी चार वर्षांनी घ्यावी असा प्रस्ताव सरकारपुढे दोनदा आला. सुरक्षेच्या कारणास्तव २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये तो बाजूला ठेवण्यात आला. करोनाच्या साथीत ३० मार्च २०२० पासून मुदत संपणाऱ्या वाहनांना सहा महिन्यांची वाढ मिळाली होती. ही सवलत त्याच वर्षीच्या १ ऑगस्टपासून बंद झाली.

तपासणीचे स्वरूप

मोटारीच्या चाचणीला साधारणपणे पाऊण ते एक तास लागतो. चाके फिरत्या रुळांवर ठेवून ब्रेकची पकड मोजतात, पुढच्या दिव्यांचा झोत योग्य उंचीवर पडतो की नाही ते यंत्राने पाहतात आणि गाडी लिफ्टवर चढवून खालून सस्पेन्शन, ब्रेकच्या नळ्या व गंज यांची पाहणी करतात. टायरच्या खाचांची खोली, टायरच्या रुंदीच्या मधल्या तीन-चतुर्थांश भागात व संपूर्ण परिघावर, किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. समोरच्या काचेवर चालकाच्या थेट नजरेच्या पट्ट्यात १० मिलिमीटरहून मोठा तडा चालत नाही, इतरत्र ही मर्यादा ४० मिलिमीटर आहे.

परीक्षकाला गाडीचा कोणताही भाग खोलण्याची मुभा नाही, जे डोळ्यांनी दिसते व हाताला लागते तेवढेच तो तपासतो. इंजिन, क्लच व गिअरबॉक्स यांची अंतर्गत स्थिती चाचणीत पाहिलीच जात नाही. त्यामुळे चाचणीत उत्तीर्ण झालेली गाडी यांत्रिकदृष्ट्या उत्तम असलीच पाहिजे असे नाही. वापरलेली गाडी घेणाऱ्यांचा या ठिकाणी पुष्कळदा गैरसमज होतो. प्रमाणपत्राचा अर्थ, तपासणीच्या दिवशी गाडी किमान निकषांना उतरली, इतकाच असतो.

२० मे २०१८ पासून दोषांची विभागणी 'धोकादायक', 'मोठा' व 'किरकोळ' अशी होते. पहिल्या दोन प्रकारांतील एकही दोष आढळला तर गाडी नापास होते. किरकोळ दोष केवळ नोंदविले जातात. लवकरच झिजून अडचण करील अशा भागाविषयी परीक्षक सूचनाही लिहून देतो. मोटारींपैकी सुमारे तीस टक्के पहिल्या फेरीत नापास होतात. त्याची कारणे पाहिली तर दिवे, टायर, ब्रेक व सस्पेन्शन हीच पुन्हा पुन्हा आढळतात. यांतील बंद पडलेला दिवा किंवा 'गोटा' झालेला टायर मालकाला घरच्या अंगणातही दिसू शकला असता.

केंद्राचा शोध व निवड

अधिकृत केंद्रावर निळ्या पार्श्वभूमीवर तीन पांढरे त्रिकोण असलेली पाटी असते. ही पाटी व दरपत्रक दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे. पिनकोडासारख्या पोस्टकोडवरून जवळची केंद्रे शोधण्याची सोय सरकारी संकेतस्थळावर आहे. मात्र प्रत्येक केंद्र प्रत्येक वाहन तपासतेच असे नाही. वाहनांचे वर्ग ठरलेले आहेत. दुचाक्या पहिल्या व दुसऱ्या वर्गात, सर्वसाधारण मोटारी चौथ्या वर्गात आणि ३,००० ते ३,५०० किलोग्रॅम एकूण वजनाच्या मालवाहू गाड्या सातव्या वर्गात येतात. मोठी व्हॅन घेऊन चौथ्या वर्गापुरती परवानगी असलेल्या केंद्रात गेल्यास हात हलवीत परत यावे लागते.

शुल्काची कमाल मर्यादा सरकार ठरविते. मोटारीसाठी ती ५४.८५ पौंड व साध्या दुचाकीसाठी २९.६५ पौंड असून २०१० पासून तीत बदल झालेला नाही. अनेक गॅरेजे याहून बरेच कमी शुल्क घेतात. तासभर जागा, यंत्रे आणि प्रशिक्षित माणूस गुंतविणारे काम इतक्या स्वस्तात परवडते ते पुढे मिळणाऱ्या दुरुस्तीच्या भरवशावर, हे उघड आहे. याचा अर्थ स्वस्त केंद्र अप्रामाणिक असते असा नव्हे, पण केवळ दर पाहून केंद्र निवडणाऱ्याने हे गणित ध्यानात ठेवणे इष्ट.

या हितसंबंधातून वाट काढण्याचा एक जुना उपाय म्हणजे स्थानिक परिषदांची केंद्रे. काही परिषदा आपल्या बसगाड्या, कचरागाड्या इत्यादी तपासण्यासाठी स्वतःचे केंद्र चालवितात आणि अशा केंद्राने सामान्य जनतेच्या गाड्याही तपासाव्या लागतात. तेथे लोकांच्या गाड्यांची दुरुस्ती सहसा होत नाही. त्यामुळे गाडी नापास करण्यात तेथील परीक्षकाचा काही लाभ नसतो. त्या बदल्यात शुल्क कमाल मर्यादेच्या जवळ असू शकते आणि नापास झाल्यास दुसरे गॅरेज गाठावे लागते.

जवळच्या केंद्राचा खरा उपयोग फेरतपासणीच्या वेळी कळतो. नापास गाडी त्याच केंद्रात दुरुस्तीला ठेवून दहा कामकाजी दिवसांत पुन्हा तपासली तर वेगळे शुल्क पडत नाही. गाडी बाहेर नेऊन दुसऱ्या कामकाजाच्या दिवसाअखेर परत आणली, तर काही ठरावीक भागांपुरती फेरतपासणी विनामूल्य होते. एरवी दहा दिवसांच्या आत अर्धे शुल्क घेता येते. या सवलती मूळ केंद्रातच मिळतात. म्हणून थोडे पैसे वाचविण्यासाठी दूरचे केंद्र गाठणाऱ्याला, गाडी नापास झाली की, तो व्यवहार महाग पडतो. दुरुस्ती त्याच गॅरेजकडून करून घेण्याचे बंधन मात्र कोणावरही नाही.

प्रत्येक केंद्रात वाहनमालकाला चाचणी पाहता येईल अशी जागा ठेवावी लागते. परीक्षकाच्या कामात व्यत्यय न आणता तेथून सर्व पाहता येते. या अधिकाराची माहिती फारच थोड्यांना असते. वेळेच्या दृष्टीनेही एक गोष्ट उपयोगी आहे. ब्रिटनमध्ये नव्या गाड्यांचे नंबर दरवर्षी १ मार्च व १ सप्टेंबरला बदलतात, त्यामुळे त्या महिन्यांत नव्या गाड्यांची नोंदणी वाढते आणि वार्षिक चाचण्यांचीही गर्दी तेव्हाच उसळते. मुदत संपण्याआधी महिनाभरात (एक दिवस कमी) चाचणी केली तर पुढील वर्षीची तारीख तीच राहते. उदाहरणार्थ, मुदत १५ मे रोजी संपत असेल तर १६ एप्रिलपासून चाचणी करून घेता येते.

कायदेशीर परिणाम

मुदत संपल्यावर एक दिवसाचीही सवलत नाही. अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालविता येत नाही, तशी उभीही करता येत नाही. आधी वेळ ठरविलेल्या चाचणीसाठी किंवा दुरुस्तीसाठी नेणे हाच अपवाद. वैध चाचणीविना गाडी चालविल्यास १,००० पौंडांपर्यंत, तर धोकादायक स्थितीतील गाडी चालविल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. चाचणीची नोंद नसेल तर वाहनकरही भरता येत नाही.

नंबरप्लेटवरील क्रमांक दिला की कोणत्याही गाडीचा पूर्वीचा निकाल, नापास होण्याची कारणे आणि त्या त्या वेळचे धावलेले अंतर सरकारी संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. भारतातून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तेथे गेलेली मंडळी पुष्कळदा पहिली गाडी वापरलेलीच घेतात. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा या नोंदींवर विसंबणे त्यांना अधिक हितावह असते. मागच्या वर्षीपेक्षा यंदाचे अंतर कमी दिसत असेल, तर आकडा मागे फिरविला गेल्याची शंका घेण्यास जागा असते.

तक्रार व अपील

गाडी चुकीने नापास केली असे वाटल्यास चाचणीपासून १४ कामकाजी दिवसांत डीव्हीएसएकडे अपील करता येते. संस्थेचा अधिकारी गाडी पुन्हा तपासतो. त्यासाठी पूर्ण शुल्क भरावे लागते आणि अपील मान्य झाल्यास ते अंशतः वा पूर्णतः परत मिळते. मात्र तोपर्यंत वादग्रस्त भागाची दुरुस्ती करू नये, कारण दुरुस्त झालेल्या भागावरून काहीच सिद्ध होत नाही. उलट, उत्तीर्ण करायला नको होती अशी गाडी उत्तीर्ण केली गेल्याची तक्रार २८ दिवसांत आणि गंजाच्या बाबतीत तीन महिन्यांत करता येते. गाडी केंद्रात न आणताच प्रमाणपत्र देण्याचे गैरप्रकारही उघडकीस आले असून, त्यांना आळा घालण्यासाठी चाचणीच्या जागी उभ्या असलेल्या गाडीचे छायाचित्र नोंदीला जोडण्याचा प्रयोग संस्थेने हाती घेतला आहे.

अन्य व्यवस्था

उत्तर आयर्लंडमध्ये ही चाचणी खाजगी गॅरेजांकडे नाही. तेथे ती सरकारी केंद्रांतच होते आणि मोटारीची पहिली चाचणी चार वर्षांनी येते. हितसंबंधाचा प्रश्न त्यामुळे सुटतो, पण सारा भार मोजक्या केंद्रांवर पडतो. जानेवारी २०२० मध्ये तेथील केंद्रांतील लिफ्टना तडे गेल्याचे आढळल्यावर मोटारींच्या चाचण्या प्रदेशभर स्थगित कराव्या लागल्या होत्या.

भारतात खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. दरवर्षीच्या एमओटीसारखी व्यवस्था खाजगी गाड्यांना नाही, फक्त धुराची 'पीयूसी' तपासणी ठरावीक काळाने करावी लागते. रिक्षा, टॅक्सी, ट्रक, बस यांसारख्या परिवहन वाहनांना मात्र योग्यता प्रमाणपत्र लागते. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत ते दोन-दोन वर्षांसाठी आणि त्यानंतर एक-एक वर्षासाठी मिळते. हे काम परंपरेने प्रादेशिक परिवहन कार्यालयातील मोटार वाहन निरीक्षकाचे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम केले. असे केंद्र चालविणाऱ्याला वाहनांची दुरुस्ती, निर्मिती किंवा विक्री तसेच सुट्या भागांचा व्यवसाय करण्यास त्या नियमांनी मनाई केली आहे. ब्रिटनमध्ये तपासणारा व दुरुस्त करणारा एकाच छपराखाली असतो, तर भारतीय नियमांत या दोघांची मुळातच फारकत केलेली आहे.