कोरड्या बोअरची नोंद

हैदराबादेत 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीला महापूर आला, तेव्हा नांदेड-लातूरचा मुलूखही निजामाच्याच राज्यात होता. पुढच्या वर्षी दरबाराने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना सल्लागार अभियंता म्हणून बोलावले. पुण्यात शिकून मुंबई सरकारच्या चाकरीत वाढलेला हा माणूस नदीकाठी भिंती उभारून मोकळा झाला नाही. पाणलोटात पाऊस किती पडतो, पाणी कुठून किती येते, याच्या आकड्यांत तो शिरला आणि शहराच्या वरच्या अंगाला जलाशय बांधण्याची शिफारस त्यातून निघाली. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तिचे फळ. सल्ल्यासाठी केलेली ती मोजणी म्हणजे संशोधनच होते. बोस्टनमध्येही 1886 साली आर्थर लिटल या रसायनशास्त्रज्ञाने सहकाऱ्याबरोबर कारखान्यांना पृथक्करण करून देणारी प्रयोगशाळा काढली आणि जगातल्या सर्वांत जुन्या सल्लागार कंपन्यांपैकी एक त्यातून उभी राहिली. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात विज्ञानात पीएच.डी. करणारा विद्यार्थी आज सल्लागारीची वाट चाचपू लागला, की त्याने विद्येकडे पाठ फिरवली असे मानले जाते. हा समज आपल्याच मुलखाच्या इतिहासाला धरून नाही.

इथला सर्वांत जुना सल्लागार पाणाडी. तळहातावर आडवा धरलेला नारळ उभा राहिला, की तिथे तो पॉइंट देतो आणि त्याच जागी बोअरची गाडी लागते. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा 1972 साली, दुष्काळाच्या तोंडावर उभी राहिली आणि गावोगाव भूवैज्ञानिक येऊ लागले. भूवैज्ञानिक चार खुंट्या एका रेषेत ठोकतो, बाहेरच्या दोहोंतून वीज सोडतो, आतल्या दोहोंमधला दाब मोजतो आणि खालच्या थरांचा अंदाज बांधतो. पण दख्खनचा काळा पाषाण हट्टी आहे. पाणी सापडते ते झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यात, त्यामुळे यंत्रही चुकते. मग पाणाड्यात आणि शास्त्रज्ञात फरक काय? पाणाड्याचा कोरडा गेलेला बोअर विसरला जातो, लागलेला तेवढा गावभर सांगितला जातो. शास्त्राला मात्र कोरडा बोअरही तितकाच मोलाचा, कारण खडक कुठे बंद आहे ते तोच सांगतो. माझ्या मते सल्लागारीची खरी कसोटी इथे आहे, हातातल्या यंत्रात नाही.

लोकांच्या प्रश्नांतून संशोधन निघते, हे लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या भूकंपाने फार मोठी किंमत घेऊन शिकवले. सरकारी नकाशावर हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 1992 साली धक्के जाणवत होते, तरी दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीने लादलेली माळवदे तशीच उभी होती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, हजारो माणसे त्याच माळवदांखाली गेली. त्यानंतर प्रश्न अगदी सरळ होते: घरे पुन्हा कुठे बांधायची, कशी बांधायची, जमीन परत हलेल का? या निकडीतूनच हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत 617 मीटर खोल छिद्र घेतले. 338 मीटर काळा पाषाण, त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळाचा थर आणि मग अतिप्राचीन खडक, एवढे त्या छिद्राने उघडे केले. 2002 च्या नकाशात हा भाग वरच्या श्रेणीत गेला. नांदेडचे विद्यापीठ 1994 चे, म्हणजे भूकंपानंतर वर्षभरात जन्मलेले, आणि 2007 साली खुद्द नांदेड शहराखाली जमीन कुरकुरू लागली तेव्हा लोकांचे प्रश्न या विद्यापीठाच्याच दारात आले.

विद्यार्थ्याने सल्लागारी करण्यावर खरा आक्षेप पैशाचा आहे. जो फी देतो त्याला हवे तेच सल्लागार सांगेल, ही भीती खोटी नाही. बोअरच्या धंद्यात एजंटाची कमाई फुटांवर असते, म्हणून तो आणखी खाली जायला सांगतो. राज्याच्या भूजल कायद्याने खोल विहिरींची मर्यादा 60 मीटर ठरवली असूनही लातूरकडे शेकडो फूट खाली जाणे चालूच राहिले आणि एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पण शिकलेली पोरे या धंद्यापासून लांब राहिली म्हणून तो सुधारला का? मैदान तेवढे एजंटाला मोकळे मिळाले. फी फुटांवर न घेता पाहणीवर घेतली आणि ‘इथे पाडू नका’ या उत्तराचीही तीच फी ठेवली, तर मत विकण्याचे कारण उरत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. प्रबंध रखडेल, हे खरे आहे, आणि शिष्यवृत्तीच्या अटीही पाळायला हव्यात. म्हणून काम आपल्या विषयापुरतेच, मार्गदर्शकाला सांगून आणि विद्यापीठामार्फत घ्यावे. नोंदी विद्यापीठात जमा करण्याची अट करारातच घालावी. गिऱ्हाईक नाव झाकायला सांगेल, ते झाकावे. खोली, खडकाचे थर आणि पाणी लागले की नाही, या तीन गोष्टी मात्र झाकू नयेत.